करकरणारी गडगडी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी गडगडी आहे. विहिरीतून पाणी शेंदताना दोर माझ्यावरून धावायचा आणि मी करकरायचे. या आवाजाला अनेकांनी नावं ठेवली, पण मला त्याचा अभिमान आहे. का, ते ऐका.

कारंजा गावात कापसाच्या जिनिंगच्या मालकाने मजुरांसाठी चाळ बांधली, तेव्हा मी घडले. आधी कागदावर आखून मग उभारलेली, शंभरावर खोल्यांची चाळ गावाने पहिल्यांदाच पाहिली. चारी बाजूंनी सरळ ओळी, प्रत्येक दाराला ओटा, मधोमध चौक आणि चौकात विहीर. आखणाऱ्याने भिंती आखल्या खऱ्या, पण वाटीभर कालवण त्या कधी अडवू शकल्या नाहीत.

पहाटेचं पहिलं पाणी तुळसाबाईचं. ती जिनावर कामाला जायची. विहिरीला लागूनच म्हातारी हाजराबी एकटी राहायची, गोधड्या शिवायची. एकदा रमजान ऐन वैशाखात आला. म्हातारीचे रोजे, माझ्या करकरीने तिची झोप मोडायला नको, म्हणून तुळसाबाईने मला भरपूर तेल पाजलं. दुसऱ्या पहाटे मी मुकाट फिरले. स्वतःवरच खूश होते हो!

उजाडल्यावर हाजराबी ओट्यावर आली. तोंड सुकलेलं.

"तुळसे, आज गडगडी काहून बोलली नाही वो? तिच्या आवाजानंच तं मले उजाडायच्या आधी सहरीच्या जेवनाले जाग येते."

तुळसाबाईने कपाळावर हात मारला. "अवो माय! तुही झोप मोडू नाही म्हनून मीच तेल घातलं! आता पोटात कन नाही, अन् हे असं ऊन! आजचा रोजा राहू दे वो."

"रोजा तं मी सोडत नाही."

"मंग मी बी पानी पेत नाही."

आणि खरंच, ती दिवसभर प्यायली नाही. दुपारी बायकांनी हाजराबीच्या दाराला ओलं गोणपाट टांगलं. संध्याकाळी अजान झाली तेव्हा सगळा चौक विहिरीपाशी जमला होता. हाजराबीने एक घोट घेतला आणि लोटा तुळसाबाईपुढे धरला. लोखंडालाही भरून येतं, मित्रांनो.

तुळसाबाईने लगेच राखेने घासून माझं तेल उतरवलं. पुढच्या पहाटे मी अशी करकरले की अख्खी चाळ जागी झाली, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. तेव्हापासून चाळीचा रिवाजच पडला: वर्षभर तेल, रमजानात नाही.

आता विहिरीवर इंजिनाचा पंप आलाय. मी खुंटीवर गंजत पडले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, मलाही खुशाल तेल घाला. फक्त आधी शेजारी विचारून या, माझ्या करकरीवर कुणी उठतं का.