घंटेच्या काठावरचा पोचा

मी एक जुनी घंटा आहे, मित्रांनो, मालवाहू जहाजावरची. अंग पितळेचे, पोटावर जहाजाचे नाव कोरलेले आणि काठावर एक पोचा. तो कसा पडला, हे मला आणि आणखी एका माणसालाच ठाऊक होते. आम्ही दोघेही पंचवीस वर्षे मूग गिळून बसलो होतो.

माझे काम सोपे. पाळी बदलली की टोल, धुके पडले की टोल. उरलेला वेळ मी चौकशा करण्यात घालवी. वारा कुठून आला? स्वयंपाकी कुणावर चिडला?

पंचविसाव्या वर्षी जहाजाच्या मालकीणबाईंना वाटले, मला चकाचक करून घ्यावे. कप्तान त्यांचाच धाकटा भाऊ. तो म्हणाला, "ताई, घंटा खाली काढू नये गं. जहाजाची ओळख असते ती."

"एका खेपेचा तर प्रश्न आहे," ताई म्हणाल्या. माझ्या जागी भंगारातून आणलेली, भलत्याच जहाजाचे नाव असलेली घंटा टांगली गेली. मी पॉलिशवाल्याच्या फडताळात जाऊन पडले. "पोचा ठोकून काढतो, उद्याच!" तो रोज म्हणे. त्याचा उद्या काही उजाडला नाही.

तेवढ्यात दोन परक्या देशांत युद्ध जुंपले. एकाच्या आरमाराने समुद्रात नाकेबंदी केली आणि आमचे जहाज अडवले. कागदांवर एक नाव, घंटेवर दुसरेच! शत्रूचे जहाज सोंग घेऊन आले, असा त्यांना संशय आला. कप्तान आणि अकरा खलाशी अडकून पडले. पिण्याचे पाणी जेमतेम दहा दिवसांचे, असा निरोप आला.

मालकीणबाईंनी मला पिशवीत घातले आणि सरकारी कचेरी गाठली. त्यांना सरकारचे संरक्षण हवे होते. संरक्षण दिसते तरी कसे, याचे मला भारी कुतूहल. शिपायाने मला टेबलावर ठेवताच ठण्ण झाले आणि जेवणाची सुट्टी झाली समजून तीन कारकून डबे घेऊन उठले.

साहेब मात्र खुर्चीतून हलले नाहीत. "बाई, आपली युद्धनौका पाठवू. पण ही घंटा त्याच जहाजाची, कशावरून? नाव काय, कालही कोरलेलं असू शकतं."

"चूक माझी आहे हो," मालकीणबाई म्हणाल्या. "शिक्षा माझ्या भावाला का?"

कोपऱ्यातले म्हातारे नोंदणी कारकून उठले. त्यांनी माझ्या काठावरून बोट फिरवले. मी त्यांना लगेच ओळखले.

"साहेब, जहाजाची नोंदणी झाली त्या दिवशी ही माझ्या हातून पडली होती. नोकरी जाईल म्हणून बोललो नाही." त्यांनी जुनी नोंदवही काढली. घंटेवर कागद ठेवून पेन्सिल घासून घेतलेला ठसा तिच्यात होता. नाव तेच, आणि काठावर तोच पोचा.

साहेबांनी सही केली. युद्धनौकेवरून मी निघाले, सोबत तो ठसा. परक्या अधिकाऱ्याने कागद माझ्या अंगाला लावला, पोच्याला पोचा जुळवला, मान हलवली आणि वाट मोकळी केली. संरक्षण म्हणजे नुसत्या तोफा असतील, असे मला वाटले होते. त्यात एका म्हाताऱ्याचा कबुलीजबाबही होता.

मला माझ्या जागी टांगून जहाज बंदरात आले, तेव्हा कप्तानाने माणशी एक, असे बारा टोल दिले. धक्क्यावर मालकीणबाई बोटांवर मोजत होत्या. बारावा टोल ऐकला आणि त्या जहाजाकडे धावत सुटल्या.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर पुसा, जपा. पण त्यांचा पोचा काढायची घाई करू नका. आधी तो कसा पडला, ते विचारा. परवा पॉलिशवाला हातोडी घेऊन धक्क्यावर आला होता. मालकीणबाईंनी त्याला चहा पाजला आणि हातोडीसकट परत पाठवले.