बॅटरी गाडीचं पाणी

ओट्यावर चहा झाला की बाबुलाल आणि शालिकराम यांचं ठरलेलं भांडण सुरू व्हायचं. आत पोळ्या लाटणाऱ्या मथुरेला ते एव्हाना तोंडपाठ झालं होतं. दोघेही भंडाऱ्याकडचे. दोघांनी शेतं भावांच्या हवाली केली होती आणि ते भिलाईच्या कारखान्यात येऊन सेक्टर दोनमध्ये भिंतीला भिंत लागून राहत होते. बाबुलाल पेट्रोलवरचा छोटा ट्रक चालवायचा. मथुरेचा नवरा शालिकराम दुरुस्तीच्या शेडमधली बॅटरीवरची सपाट गाडी चालवायचा.

"शालिकभाऊ, तुही गाडी म्हंजे नवी नवरी हाय," बाबुलाल म्हणायचा. "आवाज नाई, धूर नाई. पन दिवस कलला का तिले माहेर आठवते. चाल्ली चार्जिंगले!"

"अन् तुही? दोन पेट्या उचलल्या तरी गावभर बोंबलते. तू शेडमंदी शिरला का वेल्डिंगवाले तोंडाले फडकं बांधतेत."

"चढावर ओझं घेऊन चढवून दाखव."

"चढावर नाई चढत," शालिकराम कबूल करायचा. खोटं बोलून जिंकायचा त्याचा स्वभाव नव्हता. "पन उभ्या जागेवरून ओढाले माहीच पुढं. तुहीले आधी खोकला येते, मंग ते हालते."

"खोकू दे. मी पाच मिनिटात टाकी भरतो अन् दुर्गले जाऊन येतो. तुही रातभर खाटेवर पडून राह्यते."

हे सगळं हसण्यावारी जायचं. पण चौसष्ट सालच्या दसऱ्याआधी त्या भांडणाला धार चढली. कारखान्याचा विस्तार चालला होता आणि शेडसाठी आणखी पाच गाड्या घ्यायच्या होत्या. बॅटरीच्या घ्याव्या की पेट्रोलच्या, यावर साहेबलोकांत एकमत होईना. तेव्हा फोरमन दौलतरावांनी तोड काढली. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी दोन्ही गाड्या सकाळच्या पाळीला उभ्या करायच्या, सारखं ओझं, सारख्या फेऱ्या. जी आठ तास पुरेल ती खरी.

बॅटरी गाडी हरली तर ती मोडीत जाणार होती आणि शालिकराम परत कोक ओव्हनवर, कोळशाच्या भट्टीपाशी. तिथे त्याने दीड वर्ष काढलं होतं. तेव्हाचा त्याचा खोकला मथुरा विसरली नव्हती. सकाळी मोरीत काळं थुंकायचा आणि ती बघू नये म्हणून वरून तांब्याभर पाणी ओतायचा.

सणाला स्टोअर दोन दिवस बंद राहणार होतं. म्हणून शालिकरामने बॅटरीत घालायच्या पाण्याची तपकिरी बाटली घरी आणून ठेवली. ती अर्धीच होती.

"येवढं काय जपता त्या पान्याले?" मथुरेने विचारलं.

"हे साधं पानी नोहे. वाफ करून धरलेलं हाय. यात काईच नसते. क्षार नाई, माती नाई. काई म्हंजे काईच नाई."

त्याने ते कौतुकाने सांगितलं. मथुरेच्या मनाला मात्र ते लागलं. ज्यात काहीच नाही ते पाणी, आणि त्यावर आपल्या घराचं सगळं अवलंबून! नऊ दिवस ती एकभुक्त होती. घटापुढचा दिवा तिने विझू दिला नव्हता. दसऱ्याला घट हलला, तेव्हा तांब्याच्या कलशातलं पाणी तिने रीतीप्रमाणे घरात शिंपडलं, उंबऱ्यावर शिंपडलं, बाबुलालच्या ट्रकचं भलं होवो म्हणून त्याच्या घराच्या दारावरही शिंपडलं. तरी कलशात बरंच उरलं. तिने ते दुहेरी फडक्यातून गाळलं. आतला पैसा, सुपारी, तांदूळ बाजूला काढले. पाणी स्वच्छ दिसत होतं. देवीचं नाव घेऊन तिने बाटली गळ्यापर्यंत भरली. विचारायचं तिच्या मनात आलंच नाही. देवाच्या पाण्याला कुणाची परवानगी लागते?

शालिकरामला वाटलं, आपलाच अंदाज चुकला असेल. बाटली भरलेलीच असेल. त्याने ती तशीच बॅटरीत ओतली.

आठ दिवसांत गाडीने मान टाकली. रात्रभर चार्ज करावी तर दुपारच्या भोंग्याला ती जागच्या जागी बसायची. एकदा बाबुलालने तिला दोर लावून ट्रकने ओढत नेलं. शेडमधले लोक टाळ्या पिटत होते. त्या संध्याकाळी बाबुलाल ओट्यावर आला, पण नवरीचा विनोद त्याने केला नाही. चहा पिऊन निघून गेला.

शुक्रवारी शालिकराम जेवता जेवता थांबला.

"गाडी उभी असते तरी आतून बुडबुडे येऊन राहिले," तो म्हणाला. "चार्जिंग केलेलं आपल्या आपनच रितं होते. पान्यात घान हाय, दुसरं काई नाई. अन् बाटली मी आपल्या हातानं रिचवली. म्हंजे स्टोअरमंदूनच नळाचं पानी भरून देल्लं. उद्या दौलतराव साहेबाले चंपतचं नाव सांगतो. त्याची नोकरी जाइन त जाइन."

चंपत म्हणजे स्टोअरमधला माणूस. मथुरेने त्याला दोनदाच पाहिलं होतं. वाढत असलेली भाजी तिने परत पातेल्यात टाकली.

"चंपतचं नाव नका सांगू."

"कावून?"

"थे पानी म्या टाकलं. घटाचं."

शालिकरामला आधी कळलंच नाही. तिने सगळं सांगितलं, कलश, फडकं, देवीचं नाव. सांगताना ती रडली नाही. आपल्यापेक्षा चंपतच्या बायकोचं रडणं तिला जवळ दिसत होतं.

"मले एका शब्दानं इचारलं असतं त?" तो हळूच म्हणाला.

"तुमी म्हनले त्यात काईच नाई. मले वाटलं, रिकामं कसं द्यावं?"

तो ताटावरून उठला. हात धुऊन अंधारात ओट्यावर जाऊन बसला. मथुरा आतच राहिली. तिने त्या दिवशी शुक्रवार धरला होता, पोटात सकाळपासून चहाखेरीज काही नव्हतं. इतक्या वर्षांत ती उपास कशासाठी करत होती? शरीरात काही घालायचं नाही, म्हणूनच ना? मन निवांत व्हावं म्हणून पोट रितं ठेवायचं हे तिला आजीने शिकवलं होतं. मग रिकामेपणाची किंमत सगळ्यांआधी तिला कळायला हवी होती. तिने त्या पाण्याला बिचारं समजून त्याचा उपास मोडला होता.

सकाळी शालिकराम निघाला तेव्हा तिने विचारलं, "काय सांगसान साह्यबाले?"

"बाटली मी घरी नेल्ती हे सांगीन. थे खरंच हाय."

"माहं नाव सांगा."

"तुह्या नावाचं तेथं काई काम नाई."

दौलतराव फार बोलले नाहीत. कारखान्याची वस्तू घरी नेल्याबद्दल शेरा लिहिला आणि त्याच दुपारी बॅटरीतलं अ‍ॅसिड काढायला लावलं. आतून धुवून नवं अ‍ॅसिड भरलं, रविवारभर चार्जिंग चाललं. पण घाण तळाशी जाऊन बसली होती, ती सगळी निघाली नाही. सोमवारची पाळी पुढे ढकलायला साहेबलोक तयार झाले नाहीत.

सोमवारी बॅटरी गाडीने बारापर्यंत एकही फेरी चुकवली नाही. शेडच्या आत ती ट्रकपेक्षा दोन फेऱ्या पुढेच होती. मग तिचा वेग मंदावला. पाळी सुटायला पाऊण तास असताना ती उभी राहिली. बाबुलालचा ट्रक शेवटपर्यंत चालला.

चार पेट्रोल ट्रक यार्डासाठी घ्यायचं ठरलं. शेडच्या आत धूर नको म्हणून वेल्डिंगवाल्यांनी अर्ज दिला, तेव्हा पाचवी गाडी बॅटरीची ठेवली. तिच्यावर दुसरा माणूस आला. शालिकरामला बॅटरीघरात टाकलं, रोज पाणी तपासायचं, अ‍ॅसिड मोजायचं. पगार थोडा उतरला, पण कोक ओव्हन टळलं.

त्या संध्याकाळी ओट्यावर माणसं जमली होती. बाबुलाल रंगात आला होता.

"म्या पयलेच सांगतलं होतं! बॅटरीची गाडी म्हंजे तमाशा. तिच्यात दमच नाई."

शालिकराम चहाकडे बघत राहिला. मथुरा पदर सावरून दारात आली. चार परक्या पुरुषांत ती कधी बोलत नसे.

"बाबुलाल भाऊजी, गाडीले दोष नका देऊ. तिच्यात म्या घटाचं पानी घातलं होतं. माह्या हातानं बिघडली थे."

शालिकरामने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बाबुलाल गोंधळला, मग त्याला स्वतःच्या दारावरचं शिंपडणं आठवलं.

"वयनी," तो दबकत म्हणाला, "माह्या टाकीत त नाई ना टाकलं काई?"

कोणीतरी फसकन हसलं. मथुरेला हसू आलं नाही, पण छातीवरचं ओझं थोडं सरकलं.

"नाई भाऊजी. तुमच्या फक्त दारावर."

"मंग ठीक हाय," बाबुलाल म्हणाला, आणि थोड्या वेळाने, शालिकरामकडे न बघता, "बारापर्यंत पुढंच होती म्हना ते. मी मोजत होतो."