कमरेएवढा पूर

व्ल्तावा नदीच्या काठच्या गल्लीतलं शेवटचं घर व्लास्ताच्या भावाचं, आणि तिच्या फेरीचा शेवटचा थांबाही तोच. त्या भिंतीत एक दगडी पट्टी होती. वर आडवी रेघ, खाली ‘१३ ऑगस्ट २००२’. पुराचं पाणी त्या रेघेपर्यंत चढलं होतं. वीस वर्षं व्लास्ता पर्यटकांना घेऊन तिथे यायची, टाचा उंचावून हात ताणायची, तरी बोटं रेघेच्या खाली वीतभर राहायची. किल्ल्यातल्या आरशांच्या दालनात लोक कुजबुजत असत. इथे मात्र गप्प होत.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी ती चौदा जणांना घेऊन आली, तेव्हा हिवाळाभर भिंत झाकून उभा असलेला लोखंडी सांगाडा आदल्याच दिवशी उतरला होता. भिंत नव्या पिवळ्या रंगाने उजळली होती. पट्टी जागेवर नव्हती. व्लास्ताने नजर खाली आणली. पट्टी तिच्या कमरेपाशी बसवलेली होती, चारही बाजूंनी नीट गिलावा करून.

गवंड्याची चूक असेल, असं तिला क्षणभर वाटलं. पण ही पट्टी तिच्या आणि भावाच्या वडिलांनी कोरली होती. ते पाथरवट. पाणी ओसरल्यावर भिंतीवर राहिलेली चिखलाची रेघ पुसली जायच्या आत त्यांनी ती बसवली, आणि त्यांची शिडी तिच्या भावाने, बोहुस्लावने धरली होती. पुढे व्लास्ताने घरातला आपला हिस्सा भावाला सोडला, तेव्हा एवढंच म्हणाली होती, “बोहूश, पट्टीला हात लावू नकोस.”

“मी कशाला लावतोय,” तो म्हणाला होता.

आता तो खिडकीपाशी उभा राहून झडपांना हिरवा रंग देत होता. बहिणीचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. तरी त्याने मान वळवली नाही.

“हीच ना ती खूण?” घोळक्यातल्या एका तरुण बाईने विचारलं. तिला सातवा महिना असावा. “मी शार्का. हा माझा नवरा रादिम. आम्ही हे घर घेतोय. तुमचे भाऊ म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, बहिणीला विचारा. ती किल्ल्याची गाइड आहे, रोज लोकांना ही खूण दाखवते.”

व्लास्ताने दाराकडे पाहिलं. दारापुढे पाच पायऱ्या होत्या. पट्टी कमरेला असेल, तर पूर उंबरठ्याला शिवून परत गेला असा हिशोब होत होता. शेजारच्या घरांची हॉटेलं झाली तेव्हाच त्यांच्या खुणा रंगाखाली गेल्या होत्या. गल्लीत साक्षीला दोघीच उरल्या होत्या, ही पट्टी आणि ती.

“बाळाची खोली खालीच करायची म्हणतोय,” शार्का म्हणाली. “नदी दिसते तिथून.”

“पाणी इथवर नव्हतं,” व्लास्ता म्हणाली. तिने दाराच्या कडीवर बोट रोखलं. “ती कडी दिसते? तिच्याही वर होतं. आमचे वडील पोटमाळ्याच्या खिडकीतून बाहेर निघाले. ही पट्टी या हिवाळ्यात खाली आणली आहे.”

शार्काने नवऱ्याकडे पाहिलं. रादिम बुटांकडे बघत होता.

“तुला ठाऊक होतं?”

“तू नदीकाठी यायलाच तयार नव्हतीस,” तो म्हणाला. “तुला पटावं म्हणून.”

“म्हणून आज मला फिरायला आणलंस.”

ती पोटाला हात धरून गल्ली चढू लागली. तो दोन पावलं मागे राहून चालत गेला.

बोहुस्लावने ब्रश डब्यावर ठेवला. “झालं समाधान?”

“कुणाची कल्पना?”

“त्या रादिमची. हातापाया पडला माझ्या. व्लास्ता, वीस वर्षांत पाणी आलंय का परत? आणि तू कुठली सत्यवादी लागून गेलीस? रोज किल्ल्यातल्या त्या पांढऱ्या बाईचं भूत खपवतेस लोकांना. मग मीटरभराने काय बिघडतं?”

“भुताच्या खोलीत कुणी पाळणा टांगत नाही.”

घोळक्यातला एक म्हातारा हसला.

“आधी मला बाजूला घेऊन बोलली असतीस,” बोहुस्लाव म्हणाला. “सख्ख्या भावाला परक्यांदेखत उघडं पाडलंस.”

“तू मला सांगितलं नाहीस, कारण मी नाही म्हणाले असते. आणि मी नेहमीसारखी भिंतीला हात लावून मोकळी होईन, अशी तुला खात्री होती. दगड बाबांचा होता, तो विकलास. माझी जीभ तरी मला विचारून विकायचीस.”

त्याने रंगाच्या डब्याचं झाकण लावलं. “मी पट्टी परत वर लावतो. उद्याच. तू फक्त हे कुठे बोलू नकोस.”

“तू कुठेही लाव. तुझ्या हाताने लावलेल्या खुणेची ग्वाही आता मी कशी देऊ?”

“मग काय सांगणारेस?”

“जे झालं ते. पूर कुठवर आला, आणि पट्टी कुणी खाली आणली.”

“माझ्या दारात उभी राहून?”

“दार तुझं. गल्ली नगरपालिकेची आहे.”

तिने लोकांना फेरी इथेच संपल्याचं सांगितलं आणि घड्याळ पाहिलं. एक वाजताच्या फेरीला बावीस जण होते.