देणाऱ्यांची कपाटं

“जागा कशीही निघो, मला खरं सांग. साखरपेरणी करू नकोस. कबूल?”

“कबूल,” असं आईला सकाळी सांगून आलेल्या लेकीने आता आणखी एक कपाट उघडलं आणि ती धुळीने सणसणीत शिंकली.

“ताई, तुम्ही आधी घराणं सांगा,” टेबलामागून ग्रंथपाल म्हणाले.

वाचनालयातल्या या इतिहास-दालनाची रीतच तशी. ज्यांनी वस्तू दिल्या, त्यांच्या नावाचं कपाट. डॉक्टरांचं, मुख्याध्यापकांचं, ठेकेदारांचं. साल विचाराल तर सापडत नाही, विषय विचाराल तर त्याहून नाही.

“अहो, किती वेळा सांगू? मला साथीची छावणी हवीय. आजारी पोरांना गावाबाहेर नेऊन ठेवत, ती. आईची धाकटी बहीण तिथेच गेली, तिथेच तिला पुरलं. घरच्यांना जागासुद्धा दाखवली नाही.”

“पण साथीचं सामान आणून कोण देणार? ज्यांच्या घरी माळा होता, त्यांचाच इतिहास टिकला.”

“म्हणजे मावशीने मरण्याआधी माळा बांधायला हवा होता!”

ग्रंथपाल ओशाळले. त्यांनी पंखा तिच्याकडे वळवला.

डॉक्टरांच्या कपाटात पदकं निघाली, मानपत्रं निघाली. रोगी एकही निघाला नाही. मुख्याध्यापकांकडे नुसत्या स्पर्धांच्या ढाली. देवाचं नाव घेऊन उघडलेली दारं ती आता दाणकन लावत होती. आई अंथरुणाला खिळलेली. श्वास आहे तोवर बहिणीची जागा कळावी, एवढंच तिचं मागणं. आणि इथे ढाली!

ठेकेदारांच्या कपाटात चौकटीतला एक फोटो होता. कोट घातलेले ठेकेदार कुदळ उगारून उभे. खाली छापलेलं, ‘मंडईची पायाभरणी’.

“मोठा हिमतीचा माणूस,” ग्रंथपाल म्हणाले. “उजाड माळावर मंडई उठवली.”

तिने फोटो खिडकीशी नेला. ठेकेदारांच्या बुटांपुढे जमिनीवर उंचवटे होते. आखूड, ओळीने, कडेला दगड लावलेले. एकावर पाहुण्यांची खुर्ची मांडलेली.

“उजाड?” तिने विचारलं.

ग्रंथपालांनी वाकून पाहिलं. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले.

तिची नजर मात्र मागच्या टेकडीवर खिळली होती. तिथला दुभंगलेला खडक तिने लहानपणी रोज पाहिला होता, मंडईतल्या आईच्या भाजीच्या गाळ्यावर, पाटीआड बसून. असाच, अगदी समोरून. त्याच गाळ्यावर पाय मुडपून, कोबीवर पाणी शिंपडत, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत आईने उभा जन्म काढला होता.

“प्रत काढून देऊ?”

“नको. आईला आता दिसत नाही.”

“मग मंडईच्या आसपास कुठेतरी, एवढंच सांगा.” ग्रंथपालांचा आवाज खाली आला. “म्हातारं माणूस आहे, ताई.”

तेच तिच्याही ओठांवर आलं होतं. तिने फोटो अलगद टेबलावर ठेवला, पदराने चेहऱ्यावरची धूळ टिपली आणि पायांत चपला सरकवल्या. कोपऱ्यावर लांबच्या रस्त्याने जायचा मोह झाला. क्षणभर थांबली. मग घराच्या सरळ वाटेला लागली.