बोटातला नेफा

लख्ख हे तिचं खरं नाव नव्हतं. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आल्यावर महिनाभरात ते तिला चिकटलं. तिच्या हाताखालून गेलेला स्नायू घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखा दिसे, म्हणून.

विच्छेदनाच्या दालनात पहिल्या वर्षाच्या मुलांचं निम्मं काम साफसफाईचंच असतं. कातडीखाली, स्नायूंच्या मधे, नसांच्या अंगाला सगळीकडे एक पांढरट, लिबलिबीत जाळं असतं. ते चिमट्याने उचलायचं, कात्रीने कापायचं आणि खालचा ‘खरा’ अवयव मोकळा करायचा. मुलं त्या पांढऱ्या जाळ्याला सरळ कचरा म्हणत. “माझा कचरा अजून निघतोय,” “तुझ्या कोपरात फार कचरा आहे बाई,” असं दिवसभर चालायचं.

दालनातले मामा मात्र तो शब्द कधी उच्चारत नसत. मामा तिथले सर्वांत जुने कर्मचारी. देह औषधात राखणं, धुणं, झाकणं हे सगळं त्यांच्याकडे. प्रत्येक टेबलाखाली त्यांनी नंबर घातलेला, झाकणाचा एक डबा ठेवला होता. कापलेला प्रत्येक तुकडा, अगदी कणसुद्धा, त्याच टेबलाच्या डब्यात जायचा आणि वर्षअखेरीला डबा त्या देहाबरोबरच निरोपाला जायचा. “ज्याचं त्याला,” मामा म्हणत. “आपल्याला उसनं दिलंय.”

सात नंबरच्या टेबलावर एक आजोबा होते. त्यांच्याबद्दल कागदावर दोनच गोष्टी लिहिलेल्या: वय चौऱ्याऐंशी, व्यवसाय घड्याळदुरुस्ती.

शनिवारी शाळेतली मुलं दालन बघायला यायची होती. विभागप्रमुख मॅडमना त्यांना हलणारा हात दाखवायचा होता. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच, ते कोपराच्या खाली असतात. तिथून लांब, चकचकीत दोऱ्या निघून थेट बोटाच्या टोकापर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. आजोबांचा देह नव्या औषधाने राखला होता, त्यामुळे सांधे मऊ होते. मनगटाच्या वर कंडरा ओढली की बोट वाकायला हवं. असा मऊ हात त्या वर्षी एकच होता. लख्खकडे तर्जनी आणि मधलं बोट आलं. अनामिका आणि करंगळी तिच्या जोडीदाराकडे गेली, आणि त्याला सगळे ‘सावकाश’ म्हणत.

शुक्रवारी दुपारी लख्खचं काम संपलं. दोन्ही बोटांतल्या कंडरा मोत्यासारख्या झळकत होत्या. सावकाशने अजून कातडीच काढली होती.

“ओढून बघ की,” तो म्हणाला. “का नजर लागेल?”

तिने तर्जनीची कंडरा ओढली. बोट जरासं हललं आणि थांबलं. कंडरा मात्र हाडापासून सुटून धनुष्याच्या दोरीसारखी वर उभी राहिली. तिने आणखी ओढलं. दोरी आणखी वर आली, बोट होतं तिथेच. मधल्या बोटाचीही तीच गत.

मामा बादली खाली ठेवून जवळ आले. त्यांनी वाकून पाहिलं.

“पोरी, हाडाला चिकटलेल्या आडव्या पट्ट्या होत्या इथे. कुठे गेल्या?”

“त्या पांढऱ्या? त्या… तो कचरा होता ना, मामा?”

“नाडी ठेवलीस आणि नेफा उसवलास. आता पायजमा कमरेला राहायचा कसा?”

सावकाश फिस्सकन हसला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसू आवरलं. ती खाली बसून डबा उघडत होती. आत पांढऱ्या चिंध्यांचा ढीग होता. कुठली पट्टी कुठल्या बोटाची, आणि पट्टी तरी कुठली, काहीच कळत नव्हतं.

मॅडम आल्या तेव्हा ती तशीच बसली होती.

“मॅडम, उद्या प्लास्टिकचा हात ठेवावा लागेल. आजोबांनी हात दिला आणि मी तो वाया घालवला.”

मॅडमनी बोट पाहिलं, डबा पाहिला. रागावतील असं सगळ्यांना वाटलं. पण त्यांनी डब्यातली एक चिंधी चिमट्याने उचलली, काचेच्या पट्टीवर पातळ पसरली, रंगाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

“आधी बघ. रडायचं ते नंतर.”

लख्खने डोळा लावला. तिथे धागे होते. जाड, लाटांसारखे वळलेले, एकमेकांना ओलांडून चाललेले. त्यांतून केसासारखे बारीक धागेही. आणि मधेमधे, खूप लांब लांब, एखादी पेशी.

“पेशी इतक्या कमी?”

“स्नायूत पेशी दाटीवाटीने राहतात. इथे एक या टोकाला, एक त्या टोकाला. मधलं सगळं त्यांनी स्वतः विणलंय आणि त्यातच राहतात. धागे सगळीकडे पसरले की झालं हे जाळं. एकाच दिशेला दाटून बसले की कंडरा. हाडाला हाड बांधलं की अस्थिबंध. चुना भरला की हाडच. कूर्चा, चरबी, रक्तसुद्धा याच घरातलं. संयोजी ऊती हे यांचं आडनाव. हे सगळं काढून घेतलं, तर माणूस उभा राहायचा नाही, ओघळून जाईल.”

लख्ख बराच वेळ डोळा काढेना.

“हे… सुंदर आहे,” ती शेवटी म्हणाली.

“आहेच. आता शिव.”

“कशाने? पट्ट्यांच्या तर चिंध्या झाल्यात.”

“जिवंत माणसाच्या बोटात असं झालं तर सर्जन काय करतात? अंगठा आणि करंगळी जुळव. मनगट किंचित वाकव.”

लख्खच्या मनगटावर मधोमध एक दोरी उभी राहिली. सावकाशच्याही. मामांनी जुळवून पाहिलं. त्यांचं मनगट सपाट.

“माझी कोणी चोरली काय?”

“कित्येकांना नसतेच, मामा. कळतही नाही. तिच्यावाचून हाताचं काही अडत नाही, म्हणून सर्जन तीच काढून पट्ट्या बनवतात.”

“बत्तीस वर्षं बादल्या उचलतोय, अडलं नाही खरंच,” मामा म्हणाले.

आजोबांच्या मनगटात ती दोरी होती. लख्खनेच ती गेल्या महिन्यात स्वच्छ करून ठेवली होती. तिने ती जपून सोडवली. लांबी एका बोटापुरती होती, दोन पट्ट्यांची: एक पहिल्या पेराला, एक मधल्या पेराला.

पण पट्टी नेमकी कुठे बसते? तिने सावकाशच्या करंगळीकडे पाहिलं. तिथे सगळ्या पट्ट्या जागच्या जागी होत्या.

“बरं झालं तू आळशी आहेस.”

“आळशी कोण? मी नमुना राखून ठेवला होता,” सावकाश म्हणाला आणि दिवा तिच्या बाजूला वळवला.

तिने दोरी हाडाभोवती घेतली, कंडरेवरून आणली, टाके घातले. ओढून पाहिलं, तर कंडरा आत अडकली. फास फार घट्ट झाला होता. उसवलं. दुसऱ्यांदा सैल झालं आणि कंडरा पुन्हा उडी मारून वर आली. ज्या पट्टीला ती तासाभरापूर्वी कचरा म्हणत होती, तिचं माप तिला साधत नव्हतं. सरकू द्यायचं, पण सुटू द्यायचं नाही. त्या करंगळीत हे माप कोणीही न मोजता चौऱ्याऐंशी वर्षं बरोबर राहिलं होतं. ती मधेच थांबून करंगळीकडे बघत राहायची. मॅडम तिला थांबू देत होत्या.

दालन बंद व्हायला अर्धा तास उरला तेव्हा तिने पुन्हा कंडरा ओढली. तर्जनी पेरापेराने वळत आली आणि तिचं टोक तळहाताला टेकलं. मामांनी नुसती मान हलवली.

“मधलं बोट उद्या कापडाने झाकू,” मॅडम म्हणाल्या. “मुलांना एक पुरे.”

लख्खने थोडा विचार केला. “नको, मॅडम. दोन्ही दाखवते.”

शनिवारी सकाळी नववीची मुलं टेबलाभोवती दाटीने उभी राहिली. सगळ्यांनी हातमोजे घातले होते. लख्खने आधी मधल्या बोटाची दोरी ओढली. दोरी वर उठली, बोट तसंच.

“हे बिघडलंय का, ताई?” एका मुलीने विचारलं.

“मी बिघडवलं. इथे पट्ट्या होत्या. मला त्या निरुपयोगी वाटल्या, म्हणून मी त्या कापून टाकल्या.”

मागून कोणीतरी हळूच “बापरे” म्हणालं. लख्खचे कान तापले, पण ती पुढे बोलली. पट्ट्या काय करतात, धागे कसे विणलेले असतात, पेशी किती लांब लांब राहतात, सगळं सांगितलं. मग तर्जनीची दोरी तिने त्या मुलीच्या हातात दिली.

मुलीने भीत भीत ओढली. बोट आत वळलं. ती इतकी दचकली की ओढलेली दोरी तशीच धरून राहिली.

“सोडू?”

“सोड. हळू.”

बोट सैलावलं. मुलीने वाकून टाके पाहिले.

“हे कोणी शिवलं?”

“मी,” लख्ख म्हणाली. “दोरी आजोबांच्याच मनगटातली आहे.”