आरशासारखी फरशी

ठोंब्या कुत्र्याला सोडवायला जनावरांच्या डॉक्टरीणबाई संध्याकाळी येणार, हे बाबांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ‘सोडवायला’ हा शब्दही त्यांचाच. ‘मरणाचं इंजेक्शन’ म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

लेक प्रयोगशाळेतल्या कामावरून आली आणि तिच्या हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवायची राहून गेली.

“मला न विचारता?”

“तुला विचारूनच त्याचा पाय काढला ना?” बाबा खिडकीकडे तोंड करून बसले होते. “काय झालं त्याचं, बघ.”

हे मात्र तिला झोंबलं. हाडात गाठ झाली म्हणून ठोंब्याचा पुढचा डावा पाय खांद्यापासून काढला, त्या कागदावर सही तिची होती. दुखणं गेलं की कुत्रं तीन पायांवर मजेत जगतं, असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि आता तो धिप्पाड कुत्रा हॉलच्या मधोमध धान्याचं पोतं टाकल्यासारखा पडून होता. घरी आल्या दिवशी तो उठायला गेला, तर उरलेला पुढचा पाय बाहेर फाकला आणि हनुवटी फरशीवर आपटली. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. मग त्याने तो नादच सोडला. बाबा त्याला हाताने भरवत, उचलून अंगणात नेत, पोटाखाली हात धरून उभा करत आणि उचलून परत आणत. कोणी आलं की पूर्वी अख्खं अंग हलवणारा कुत्रा आता नुसते डोळे हलवायचा.

“दादा, तुझा गुडघा बदलला तेव्हा तू महिनाभर खाटेवरून ओरडत होतास,” आतून आत्या म्हणाली. “तुला कोणी सोडवलं नाही ते!”

“मला बोलता येत होतं. त्याने कोणाला सांगायचं?”

आत्या गप्प झाली. आत्या गप्प झाली म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं, हे लेकीला ठाऊक होतं.

ती ठोंब्याजवळ बसली. टाके कोरडे होते, सूज उतरली होती. “बाबा, दवाखान्यात हा चालत माझ्याकडे आला होता. माझ्या डोळ्यांदेखत.”

“गुंगीत असेल.”

“गुंगीतलं जनावर शेपूट हलवत येत नाही.”

कुत्रा तोच, जखम तीच, उलट आता बरी होत आलेली. मग बदललं काय? तिने खाली पाहिलं. फरशीत छताचा पंखा संथ फिरताना दिसत होता, पाती मोजता येतील इतका स्पष्ट. दवाखान्यात जाडजूड रबरी चटई होती.

बाबांनी उभा जन्म लोकांच्या फरश्यांना पॉलिश करण्यात घातला होता. ठोंब्या दवाखान्यात असताना या हॉलवर त्यांनी पुन्हा मशीन फिरवलं होतं, ते त्याच्या टाक्यांना काही खरबरीत लागू नये म्हणून. हे त्यांना सांगायचं कसं? पण बाई कुठल्याही क्षणी येणार होत्या.

“बाबा, त्याला चालता येतंय. त्याचा पाय ठरत नाहीये. फरशी घसरते.”

बाबांनी मान वळवली. “म्हणजे मीच पाडतोय त्याला?”

“तसं नाही म्हणाले मी.”

“तसंच म्हणालीस.”

ती उठली. मागच्या दारातलं गोणपाट आणून तिने ठोंब्यापुढे अंथरलं आणि त्याचा पंजा त्यावर ठेवला. “चल, ठोंब्या. ये, राजा.”

ठोंब्याने तिच्याकडे पाहिलं. मागचे पाय गोळा केले. खांदा थरथरला, छाती वर आली, आणि गोणपाट सरकलं. सरकलं ते थेट भिंतीपर्यंत. ठोंब्या टाक्यांच्या बाजूवर कोसळला आणि असा किंचाळला की आत्या हातातलं भांडं घेऊनच बाहेर धावली.

“पुरे!” बाबा गरजले. “तुझे प्रयोग तुझ्या प्रयोगशाळेत कर! याला हात लावशील तर याद राख!”

बेल वाजली.

डॉक्टरीणबाईंनी आधी टाके तपासले. एकही निघाला नव्हता. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि बॅग मांडीवर घेतली. “खातो का?”

“भरवलं तर,” आत्या म्हणाली.

“उठतो का?”

आत्याने नकारार्थी मान हलवली.

“काका, तुमचा निर्णय पक्का आहे ना?”

बाबांचं लक्ष नव्हतं. ते भिंतीपाशी जाऊन गोळा झालेल्या गोणपाटाकडे बघत होते. त्यांनी ते सपाट केलं आणि एका बोटाने ढकललं. गोणपाट हातभर गेलं. त्यांनी पुन्हा ढकललं.

“गोणपाटसुद्धा ठरत नाही,” ते स्वतःशीच म्हणाले.

ते आत गेले आणि काळा, खरखरीत दगड घेऊन आले. नवी फरशी बसली की पहिला हात मारायचा, तो. ठोंब्यापुढे फतकल मारून त्यांनी तो दोन्ही हातांनी फरशीवर दाबला आणि घासायला सुरुवात केली. मशीन त्यांनी काढलं नाही, त्याच्या आवाजाला ठोंब्या घाबरायचा.

“दादा, अरे सगळी चमक जाईल!”

“जाऊ दे.”

परातीएवढा करडा, आंधळा डाग पडला. बाबांनी धूळ हाताने पुसली आणि ठोंब्याचा पंजा उचलून त्यावर ठेवला. बोलावलं मात्र नाही. दगड धरून नुसते बसून राहिले.

बराच वेळ काही झालं नाही. मग ठोंब्याची नखं त्या डागावर कुरकुरली. पाय फाकला नाही. छाती उचलली गेली, मागचे पाय आले, आणि तो उभा राहिला. पान हलावं तसा हलत होता, पण उभा. बाई पुढे झुकल्या.

पाण्याचा वाडगा पलीकडच्या भिंतीशी होता. ठोंब्याने तिकडे नाक केलं, पंजा पुढे टाकला, चकचकीत कडेला लागताच मागे घेतला.

बाबा पुढे सरकले आणि घासू लागले. त्यांनी घासावं, धूळ पुसावी, ठोंब्याने एक उडी मारून तिथवर यावं आणि वाट बघावी. आत्या डोळ्यांना पदर लावून दुसरा दगड शोधायला गेली. बाईंची खुर्ची बरोबर मध्ये येत होती.

“बाई,” बाबा मान वर न करता म्हणाले, “जरा पाय उचला.”