माझी घडी घालू नका

मित्रांनो, माझ्या अंगावर एका मंत्र्याचं नाव आहे. खोटं वाटेल, पण खरंच आहे. मी एक जुनी सोलापुरी चादर. चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत, भवानी पेठेतल्या सिद्रामप्पाच्या मागावर मी जन्मले. माझ्या बहिणींच्या अंगावर मोर आहेत, वेलबुट्टी आहे. माझ्या अंगावर अक्षरं आहेत. ती कुणी विणली, कशासाठी विणली आणि पुढे त्यांचं काय झालं, ते सांगते. सांगताना आवाज चढला तर सांभाळून घ्या. माझा राग अजून गेलेला नाही.

सिद्रामप्पा माग चालवायचा आणि त्याची बायको सुंदरम्मा कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची गुंडाळी. ती घट्ट भरली तरच कापड चांगलं उतरतं. सुंदरम्माच्या हातची कांडी म्हणजे बघायलाच नको, असं सारी पेठ म्हणायची. मग एका सकाळी तिची बोटं सुजली. मूठ वळेना. पुढे मनगटं धरली, गुडघे धरले. शेजारणी म्हणाल्या, "वात हाय गं, शेक घे." कुणी म्हणालं, गार पाण्यात हात घालू नको. बिचारीने सगळं केलं, तरी बोटं वाकडी होत गेली.

सरकारी इस्पितळात शिवयोगी नावाचे डॉक्टर होते. त्यांनी तिला कळेल असं सांगितलं. "अव्वा, आपल्या अंगात रोगाशी लढणारी एक शक्ती असते. ती आपली राखण करते. तुमच्या अंगात तीच सांध्यांवर उलटली आहे. कुंपणच शेत खातंय."

"मग त्या कुंपणाला सांगा की!" सुंदरम्मा म्हणाली.

डॉक्टर हसले नाहीत. "कसं सांगायचं, तेच अजून कुणाला ठाऊक नाही. माझ्या गोळ्या दुखणं दाबतात, मुळाला हात लावत नाहीत. मूळ शोधायचं तर वर्षं जातात, यंत्रं लागतात, शिकलेली माणसं लागतात. एकट्यादुकट्याचं ते काम नाही, सरकारनेच करायला हवं. मी मागून मागून थकलो."

सुंदरम्मा घरी आली ती मनाशी ठरवूनच. इस्पितळाच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला मंत्रीसाहेब यायचे होते. आमच्याकडे पाहुण्याचा सत्कार चादरीने होतो, आणि पाहुणा मोठा असला तर त्याचं नाव चादरीत विणतात.

"त्यांच्या चादरीतच मागणं विणा," ती नवऱ्याला म्हणाली. "कागुद हरवतो. एवढी मोठी चादर कशी हरवंल?"

"आन् नाव?"

"नाव कशाला? मागणंच मोठं घाला."

"अगं, पाव्हण्याचं नाव आधी नगं व्हय? रीत हाय की ती!"

दोघं दोन दिवस भांडली आणि शेवटी रीत जिंकली. माझ्या वरच्या काठाला मंत्रीसाहेबांचं नाव आलं, चांगलं ठसठशीत. मधोमध, लाल रंगावर पांढऱ्या अक्षरांत, विणलं गेलं: 'हे दुखणं कशानं होतं ते शोधा. संशोधनाला सरकारी निधी द्या.'

माझ्या कांड्या सुंदरम्माने कुणाला भरू दिल्या नाहीत. ओठ दाबून, मधूनमधून हात मांडीवर ठेवून, तिने स्वतः भरल्या. त्यातली एक सैल भरली गेली, म्हणून माझ्यात बोटभर रुंदीचा एक पट्टा ढिला आहे. सिद्रामप्पाला तो दिसला होता. त्याने तो उसवला नाही. आजही हात फिरवला की तो पट्टा लागतो, आणि खरं सांगू, माझ्या अख्ख्या अंगात मला तोच आवडतो.

समारंभाच्या दिवशी डॉक्टर आधी बोलले. हा रोग किती जणींना आहे, तरण्याताठ्या बायकांचे हात कसे निकामी होतात, सगळं सांगितलं. मग सिद्रामप्पाने मला मंत्र्यांच्या खांद्यावर घातलं. रीतीप्रमाणे माझी घडी घातली होती आणि नाव वर आलं होतं. मागणं घडीच्या पोटात गेलं. मंत्र्यांनी आपलं नाव पाहिलं आणि गडी खुलला! त्यांनी माईक हातात घेतला. "या इस्पितळात संशोधनासाठी वेगळा कक्ष आणि निधी मी देतो. हा माझा शब्द आहे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेत बसलेल्या सुंदरम्माला टाळी वाजवता येईना, तर तिने मनगटावर मनगट आपटलं. मी मंत्र्यांच्या खांद्यावर होते. केवढी फुगले होते मी तेव्हा!

मोटार शहराबाहेर पडली. पुढच्या सीटवरच्या सचिवाने विचारलं, "साहेब, त्या कक्षाचं टिपून घेऊ का?"

"अहो, वातावर कसलं आलंय संशोधन? म्हाताऱ्यांची दुखणी ती. चार लोकांना बरं वाटावं म्हणून बोलावं लागतं."

सुंदरम्मा तेव्हा चाळिशीचीसुद्धा नव्हती. आणि मी, मित्रांनो, त्याच माणसाच्या गुडघ्यांवर पसरले होते. त्याच्या धडधाकट गुडघ्यांना ऊब देत मी हे सगळं ऐकलं. जळो ती ऊब, असं मला झालं. पण चादर उठून कुठे जाणार?

मोहोळच्या पुढे एका डाकबंगल्यात ते चहाला थांबले आणि मला तिथेच सोडून गेले. "थंडीत कामाला येईल," म्हणाले. तिथला खानसामा रावजी मला पाहुण्यांच्या खाटेवर घालायचा. येणारा जाणारा वाखाणायचा, "वा! काय वीण आहे!" विणीचं कौतुक सगळ्यांना. अक्षरं वाचून कुणी काही केलं नाही.

तीन-चार वर्षांनी तेच मंत्री पुन्हा आले. दुपारी जेवून आडवे झाले, तेव्हा मीच अंगावर होते. उठल्यावर त्यांना काठावरचं नाव दिसलं. "अरेच्चा, ही तर आपली चादर!" त्यांनी मला प्रथमच पूर्ण उलगडलं. सगळं वाचलं. आता आठवेल, मला वाटलं. आता सचिवाला हाक मारतील.

हाक त्यांनी रावजीला मारली. "हिची घडी घालून पेटीत ठेव. कुणी पाहिली तर बरं दिसत नाही."

आधी वाचलं नव्हतं, तोवर मनाला एक आशा होती. वाचून घडी घातली, ती मला फार लागली. डांबराच्या गोळ्या घालून मला अगदी जपून ठेवलं त्यांनी. कसर लागली नाही, उंदराने कुरतडलं नाही.

पेटीत पंधरा वर्षं गेली आणि या वर्षी दिवाळीच्या आधी बंगल्यातल्या पेट्या उघडल्या. तिथे झाडलोट नि धुणं करणाऱ्या नागव्वाने मला धुतलं, पण तिला मला पिळता येईना. तिच्या बोटांकडे पाहिलं आणि मला सुंदरम्माच आठवली. तीच सूज, तशीच वळलेली बोटं. तिने मला तसंच निथळत तारेवर टाकलं. तेवढ्यात पुण्याकडे निघालेले शिवयोगी डॉक्टर पाणी प्यायला थांबले. त्यांचे केस पांढरे झाले होते. मला पाहून ते जागच्या जागी उभे राहिले.

"काय लिवलंय हो यावर?" नागव्वाने विचारलं. त्यांनी वाचून दाखवलं.

"माझ्या बोटांचंबी त्येच हाय का?"

त्यांनी तिचे हात हातात घेऊन पाहिले. "तेच आहे, बाई. जिने हे मागणं विणून घेतलं, तिला आता घासही नवरा भरवतो. आणि दर वेळी ती मला विचारते, 'कक्ष कधी उघडणार? मंत्र्यांनी शब्द दिलाय की.' काय सांगू तिला? परत चाललोय मागायला."

ऐकलंत ना? ती अजून वाट बघते आहे. मला फसवलं त्याचं एक वेळ सोडून देईन, पण तिचं कसं सोडू?

मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी 'आम्हाला जपा' असं सांगायची पद्धत आहे. मला जपू नका. फाटले तर फाटू द्या. तुमच्यातलं कुणी डॉक्टर होईल, कुणी खुर्चीवर बसेल. कुणी काही हातात दिलं तर वरचं आपलं नाव बघून खूश होऊ नका, पूर्ण उलगडा. आणि मोठं होईपर्यंत कशाला थांबायचं? आजच घरी विचारा, शाळेत विचारा, मतं मागायला येतील त्यांना विचारा, या रोगाचं मूळ शोधायला सरकार पैसा कधी देणार? इतक्या जणांनी विचारा की त्यांना घडी घालता येऊ नये.

त्या दिवसापासून नागव्वा मला रोज रस्त्याकडे तोंड करून तारेवर पसरते. आज सकाळी रावजी ओरडला, "नागव्वा, सायबांचा हुकूम हाय! घडी घाल आन् ठेव पेटीत!"

तिने आपले दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "बोटं वळत न्हाईत, रावजीदादा. घडी कुटनं घालू?"

रावजीने त्या बोटांकडे पाहिलं आणि तो चुलीकडे परत गेला. मी अजून तारेवरच आहे.